ग्रंटमध्ये फाइलींचा क्रम लावताना

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आम्ही जळगावातून जी भावफलकाची वेबसाइट सांभाळतो, तिच्या जावास्क्रिप्ट फाइली आजही ग्रंटच, म्हणजे अशी ठरावीक कामे आपोआप करणारे साधन, जोडून एक करतो. मॉड्यूल वापरणाऱ्या प्रकल्पात कोणती फाइल आधी चालणार हे इम्पोर्टच्या ओळींवरून ठरते. जुन्या ग्लोबल पद्धतीच्या, म्हणजे सगळ्या फाइलींनी एकच सामायिक जागा वापरणाऱ्या कोडला ती सोय नसल्यामुळे क्रम बिल्डच्या, म्हणजे जोडणीच्या यादीतच सांगावा लागतो.

त्या यादीत नुसता 'सोर्स/*.जेएस' हा नमुना (तारा म्हणजे 'कोणतेही नाव') लिहिला, तर फाइली अकारविल्हे येतात, म्हणजे 'चार्ट.जेएस' ही फाइल, जिच्या फंक्शनांवर ती चालते त्या 'युटिल.जेएस'च्या आधी लागते आणि 'भाव10.जेएस'सुद्धा 'भाव2.जेएस'च्या पुढे जाऊन बसते. यावर फाइलींच्या नावांनाच आकडे जोडण्याचा उपाय अनेक ठिकाणी दिसतो, पण मधे एक फाइल घालायची झाली की सगळी नावे बदलत बसावे लागते, म्हणून तो मला मुळीच पटत नाही.

ग्रंट यादीतले नमुने वरून खाली वाचतो आणि एकदा आलेली फाइल पुन्हा घेत नाही. त्यामुळे आधी 'सोर्स/युटिल.जेएस' आणि मग 'सोर्स/*.जेएस' एवढे लिहिले की युटिल पहिली येते व बाकीच्या तिच्यामागे रांगेने लागतात. एखादी फाइल शेवटी हवी असेल, तर ताऱ्याच्या नमुन्यानंतर '!सोर्स/सुरुवात.जेएस' लिहून ती वगळावी आणि लगेच पुढे तिचेच नाव उद्गारचिन्हाशिवाय द्यावे. हे वगळणे यादीच्या अगदी वर लिहिले, तर तोवर काहीच निवडलेले नसल्याने त्याचा काही उपयोग होत नाही.

खरा धोका नाव चुकण्यात आहे. 'युटिल'ऐवजी 'युटिल्स' लिहिले गेले, तरी ग्रंट तक्रार करत नाही. खरी फाइल ताऱ्यामुळे येतेच, फक्त चुकीच्या जागी. 'नोनल' हा पर्याय ट्रू ठेवला, की न सापडलेले नावही यादीत राहते आणि फाइली जोडणारे ग्रंटचे कॉनकॅट प्लगइन तशी सूचना देते. शिवाय 'ग्रंट कॉनकॅट --व्हर्बोज' चालवल्यास प्रत्यक्षात लागलेला क्रम टर्मिनलवर वाचता येतो.

ग्रंटसारखेच दुसरे साधन असलेल्या गल्पकडे जावे का, हा विचार अधूनमधून निघतो. मात्र 2024 मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीने नमुन्यांचा क्रम पाळणे सोडून दिले आहे, आणि तो हवा असेल तर 'ऑर्डर्ड-रीड-स्ट्रीम्स' हे वेगळे पॅकेज वापरावे लागते. तेव्हा फाइली जोडण्याचे काम तूर्त आम्ही ग्रंटकडेच ठेवले आहे.