खाऱ्या वाऱ्यातली स्कूटर: चकचकीत बोल्ट आणि पांढरी भुकटी

मालवणातल्या टू-स्ट्रोक स्कूटरचं काम आता इंजिनावर आलंय. बॉडीचं वेल्डिंग उरकलं, फ्लोअरचा कुजलेला पत्रा कापून नवा बसला, त्यावर प्रायमरचा पहिला हात मारून झाला. इंजिन सध्या पडवीत फळीवर उघडं आहे: हेड उतरलंय, ठिणगीची वीज बनवणारा मॅग्नेटो बाहेर, क्लच कव्हर निघालंय. या कव्हराने सगळ्यात जास्त घाम काढला, आणि त्यात किनाऱ्यावर जुन्या गाड्या जपणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं काहीतरी आहे. म्हणून या वेळची नोंद मुख्यतः त्यावरच.

गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेने इंजिनाचे बाहेरचे सगळे बोल्ट बदलून स्टेनलेसचे घातले होते. अजूनही चकचकीत, एकावरही गंजाचा ठिपका नाही. पण पाना लावला की बोल्ट जागचा हलेना, जोर वाढवला की डोकं पिळवटायला लागे. आत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेवलं, मग ब्लो लॅम्पने बोल्टाभोवतीची क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचं अल्युमिनियमचं बाहेरचं घर, तापवली. अल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, साध्या पोलादाच्या तर जवळजवळ दुप्पट, त्यामुळे भोक किंचित मोकळं होतं. पाव फेरा उलट, तेवढाच परत सुलट, पुन्हा उलट, असं करत बोल्ट निघाले. मॅग्नेटोकडच्या बाजूचा एक मात्र केसचे आटे सोबत घेऊनच बाहेर आला. आट्यांच्या खाचांत घट्ट दाबलेली पांढरी भुकटी होती आणि तिच्यात राखाडी, ठिसूळ पापुद्रे. नखाने खरवडले तर चुरा झाला. तो चुरा म्हणजे क्रॅंककेसचं अल्युमिनियम.

लेथवाल्या काकांनी बोल्ट हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "बोल्टाक काय झाला नाय. घर गेला." आता त्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसतंय.

असं का होतं, हे नीट समजून घ्यायचं ठरवलं. गंज हा रासायनिक असतो तेवढाच विजेचाही असतो. त्याला चार गोष्टी लागतात: इलेक्ट्रॉन सोडून स्वतः विरघळणारी जागा म्हणजे ॲनोड, ते इलेक्ट्रॉन घेणारी जागा म्हणजे कॅथोड, दोघांना जोडणारा धातूचा रस्ता, आणि दोघांवर पसरलेलं आयनवाहक पाणी, म्हणजे मिठासारख्या पदार्थाचे विद्युतभारित कण वाहून नेणारं. यातली एक जरी काढली तरी खेळ थांबतो. आपल्याकडे पाणी आणि मीठ फुकट मिळतं, आणि धातूचा रस्ता आपणच बोल्ट आवळून करून देतो.

चिवला किनाऱ्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं आणि काचेच्या ग्लासात तुकडे बुडवले: मोडक्या कव्हराचा अल्युमिनियमचा तुकडा, स्टेनलेसचा बोल्ट, साधा खिळा, तांब्याची तार आणि जुन्या टॉर्चच्या सेलचं जस्ताचं कवच. मल्टीमीटरची टोकं लावली. अल्युमिनियम आणि खिळा यांत फरक अगदी थोडा. अल्युमिनियम आणि स्टेनलेस यांत तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला. दोन्हीकडे ऋण टोक अल्युमिनियमचं, म्हणजे झिजणार तेच. जस्ताबरोबर मात्र उलटं झालं, तिथे जस्त ऋण आणि अल्युमिनियम सुरक्षित. समुद्राच्या पाण्यातली उतरंड साधारण अशी लागते: मॅग्नेशियम सगळ्यात आधी झिजतं, मग जस्त, मग अल्युमिनियम, मग पोलाद, त्यापुढे पितळ-तांबं, मग पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरलेलं स्टेनलेस, आणि शेवटी ग्रॅफाइट. विमानाच्या कामात अल्युमिनियमवर शिसपेन्सिलीने खूण करू देत नाहीत, ते या शेवटच्या नावामुळेच, कारण पेन्सिलीतलं 'शिसं' म्हणजे ग्रॅफाइटच.

पण नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. किती धातू जाणार हे प्रवाह ठरवतो. तोच अल्युमिनियमचा तुकडा आणि तोच बोल्ट मी मिलिॲम्पियरवर जोडून बघितले. चमच्याने पाणी ढवळलं की काटा चढायचा, थांबलं की हळूहळू उतरायचा. कारण कॅथोडवर पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होत असतो आणि ढवळल्याने तो नव्याने पोचतो. बोल्टाऐवजी स्टेनलेसचा मोठा डाव बुडवला तर प्रवाह आणखी वाढला, कारण कॅथोडचं क्षेत्र वाढलं. समुद्राऐवजी पागोळीचं पावसाचं पाणी घेतलं तर प्रवाह जवळजवळ दिसेनासा झाला. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा हाताने करून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानंतर इंजिनाकडे बघायची नजर बदलते.

थोडा हिशोब. फॅरेडेच्या नियमाने १ मिलिॲम्पियर प्रवाह सलग वर्षभर वाहिला तर सुमारे २.९ ग्रॅम अल्युमिनियम विरघळतं, लोखंड असेल तर सुमारे ९ ग्रॅम. सहा मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांत मिळून जेवढं अल्युमिनियम असतं, त्याच्या कितीतरी पट हे २.९ ग्रॅम भरतात. प्रत्यक्षात इंजिनावर पाणी सतत नसतं म्हणून वर्षं लागतात. शिवाय विरघळलेलं अल्युमिनियम तिथेच हायड्रॉक्साइड होऊन बसतं, मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातं आणि बोल्टाला जखडतं. आटे एकीकडे पातळ होत जातात आणि दुसरीकडे बोल्ट आणखी घट्ट होत जातो, आणि आपण पाना लावेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मग स्टेनलेसच्याच ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचे बोल्ट घालावेत का? ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांपासून तो बोल्ट स्वतः जास्त वाचतो. अल्युमिनियमला त्याचा काही उपयोग नाही, कॅथोड म्हणून दोन्ही सारखेच. माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावरच्या अल्युमिनियम इंजिनाला जस्ताचा मुलामा दिलेले साधे पोलादी बोल्ट बरे. त्यांच्यावरचं जस्त आधी झिजतं, आणि बोल्ट बाजारात मिळतो, क्रॅंककेस मिळत नाही.

आता मिठाबद्दल. पाऊस नसतानाही गंज का चालू राहतो, याचं उत्तर मिठाच्या स्वभावात आहे. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी शोषून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे डिसेंबरच्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही गाडीवरचा खारा थर आतून दमट असतो. तो थर पातळ असल्याने हवेतला प्राणवायू त्यातून सहज धातूपर्यंत जातो, त्यामुळे पातळ खारी ओल कित्येकदा बुडून राहण्यापेक्षा जास्त खाते. आणि ज्या जागा पावसात धुतल्या जात नाहीत त्या आधी जातात. माझ्या गाडीचा वरचा पत्रा ठीक निघाला, पण मडगार्डचा आतला काठ आणि फ्लोअरचा खालचा जोड जाळीसारखा झाला होता. म्हणून खालून गोड्या पाण्याने धुणं हे वरून पॉलिश करण्यापेक्षा महत्त्वाचं, विशेषतः दिवाळीनंतर, जेव्हा पाऊस धुवायला येत नाही.

फ्लोअरचं प्रकरण वेगळं आणि मला स्वतःला सगळ्यात मजेचं. तिथे रबराच्या पट्ट्या धरणारे अल्युमिनियमचे रनर पोलादी पत्र्यावर रिव्हेटने ठोकलेले असतात. दोन धातू तर आहेतच, पण अल्युमिनियम जवळ असताना पत्रा वाचायला हवा होता. तरीही तो रनरखालीच सगळ्यात जास्त गेला होता. याचं कारण शोधताना १९२०च्या दशकातला, केंब्रिजमध्ये गंजाचा अभ्यास करणाऱ्या युलिक एव्हान्सचा प्रयोग करून बघितला. कापून काढलेल्या पत्र्याचा एक तुकडा चकचकीत घासला, मिठाच्या पाण्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन मिसळून त्याचा एक थेंब वर ठेवला. आधी सगळीकडे बारीक निळे-गुलाबी ठिपके उमटले. मग हळूहळू थेंबाचा मध्य निळा झाला, कडेने गुलाबी वलय आलं, आणि दोघांच्या मधे तांबूस गंजाची कडी बसली. निळं म्हणजे लोखंड विरघळतंय, गुलाबी म्हणजे प्राणवायू खर्च होऊन अल्कली तयार होतेय. धातू एकच, थेंबही एकच, पण कडेला हवा पोचते आणि मध्ये पोचत नाही, एवढ्या फरकावर ॲनोड आणि कॅथोड वेगळे झाले. रनरखालच्या फटीत तेच होतं. हवा न पोचणारी आतली जागा झिजते आणि बाहेरचा मोकळा भाग कॅथोड होऊन तिला पोसतो. आणि अल्युमिनियम ज्या पत्र्याला वाचवेल तो त्याच पाण्याच्या थराने त्याच्याशी जोडलेला हवा. मधे गंजाचा आणि मातीचा लगदा भरला की ती मदत दोन पावलंही पोचत नाही.

यावरूनच, स्कूटरला जस्ताचा ठोकळा लावला तर चालेल का, याचंही उत्तर मिळतं. होडीच्या बुडाला, तिच्या मशीनच्या पाण्यातल्या पायाला लावलेलं जस्त काम करतं कारण सगळं एकाच समुद्रात बुडालेलं असतं. हवेतल्या गाडीवर ठोकळा फार तर आपल्या आजूबाजूचे काही मिलिमीटर राखेल. जस्त पत्र्यावर सगळीकडे पसरलेलं असेल, म्हणजे गॅल्व्हनायझिंग किंवा जस्ताने भरलेला प्रायमर, तरच ओरखड्याच्या जागी ते कामाला येतं.

होड्यांचा विषय निघालाच तर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा मारला. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा लोखंडी खिळे खाऊन गेलेले होते. पण जिथे पत्र्याचा वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मधे राहिला होता, तिथले खिळे शाबूत. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तांब्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून तांबं वाचवून दाखवलं. तांबं वाचलं, पण विरघळणं थांबल्यावर बुडाला शंख-शिंपले धरायला लागले, कारण त्यांना दूर ठेवत होतं ते विरघळणारं तांबंच. दांडी किनाऱ्यावर होडी ओढून कालवं खरवडताना ज्याने बघितलंय त्याला हे पटकन समजेल.

त्या कागदाचंच काम मी आता जोडाजोडाला करतोय. फ्लोअरवर जस्ताचा प्रायमर, रिव्हेटच्या भोकांच्या कडांनाही, मग रनरखाली पूर्ण लांबीला सीलर, आणि सीलर ओला असतानाच रिव्हेट. बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर घातला की काम झालं असं वाटतं, पण बोल्टाची दांडी आत धातूला लागतेच, त्यामुळे विजेचा रस्ता तुटत नाही. तिथे पाण्याला आत येऊ न देणं हाच खरा उपाय. आटे ब्रशने कोरडे साफ, मरीन ग्रीस भरून, डोक्याखालीही ग्रीसचा थर. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती तांब्याची अँटी-सीझ पेस्ट अल्युमिनियमला लावू नका, आपण स्वतःच कॅथोड भरून ठेवतो. इंजिनाच्या अर्थिंगला साध्या तांब्याच्या ऐवजी कल्हई केलेलं लग (वायरच्या टोकाची कडी) लावलंय आणि आवळल्यावर वरून ग्रीस.

रंगाबद्दल एक गोष्ट उलटी वाटते पण पक्की आहे. दोन धातूंपैकी एकालाच रंग लावणार असाल तर झिजणाऱ्याला नाही, दुसऱ्याला लावा. फक्त अल्युमिनियम रंगवलं आणि रंगाला सुईएवढं भोक पडलं, तर समोरचा सगळा कॅथोड त्या एका टिंबावर तुटून पडतो आणि तिथे खोल खड्डा होतो. शक्य असेल तर दोन्ही रंगवा.

किक, स्टँड आणि ब्रेकचा पेडल धुण्याच्या सोड्याच्या बादलीत, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला टांगून साफ झाले. तीच वीज, उलट्या दिशेने. धन टोकाला साधं लोखंडच हवं, स्टेनलेस नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बादली उघड्यावर ठेवा, हायड्रोजन निघतो. अल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, सोडाच त्याला खातो. स्प्रिंगा आणि हाय-टेन्साइल बोल्ट मी त्यात घालत नाही, हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. ते वायर ब्रशनेच.

आता राहिलंय मॅग्नेटोकडच्या जोडाचं तोंड. ऑइल सीलच्या घराजवळ दोन खड्डे गॅस्केटच्या रेषेत आलेत आणि टू-स्ट्रोकला तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होऊन पिस्टन जातो. आर्गॉन वेल्डिंगने भरून तोंड पुन्हा सपाट करायचं, की एपॉक्सी मेटलवर भागेल, हे ठरायचंय. माझा कल वेल्डिंगकडे आहे. कुडाळ किंवा सावंतवाडीकडे जुन्या कास्ट अल्युमिनियमवर स्वच्छ आर्गॉन मारणारा कोणी माहीत असेल तर जरूर कळवा. केसमध्ये मुरलेलं तेल आणि मीठ वेल्डिंगच्या आधी काढण्यासाठी तुम्ही ती कशी भाजून घेता, तेही लिहा.