तुम्ही विचारलंत म्हणून: समाजशास्त्राबरोबर लोकप्रशासन कशाला?

‘समाजशास्त्र आणि लोकप्रशासन, तेही बी.ए.पासून एम.ए.पर्यंत सलग? म्हणजे एमपीएससीच ना?’ पुण्यात हा प्रश्न पालक विचारतात, मुलं विचारतात, शेजारचे काकाही विचारतात. उत्तर ऐकायला थांबणारे थोडे असतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

परीक्षेचा हिशेब आधी संपवू. 2013 पूर्वी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला दोन वैकल्पिक विषय लागत आणि ही जोडी बरेच जण घेत. 2013 पासून वैकल्पिक विषय एकच, 250 गुणांच्या दोन पेपरांचा. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. 2023 च्या सुरुवातीला पुण्यातली मुलं रस्त्यावर उतरली आणि तो बदल 2025 वर गेला, पण तिथेही वैकल्पिक विषय एकच आहे. दुसऱ्या विषयाचा सामान्य अध्ययनात थोडा उपयोग होतो, तेवढंच. नुसत्या 500 गुणांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर घेऊ नका. कुठल्याही विषयाची पदवी घ्या आणि अभ्यासिकेत बसा, वेळ वाचेल.

मग दोन्ही एकत्र कशासाठी? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर दोन्ही वर्गांत शिकवला जातो. लोकप्रशासनाच्या वर्गात त्याच्या नोकरशाहीची लक्षणं येतात: अधिकारांची उतरंड, लेखी फाइल, लेखी नियम, पात्रतेवर नेमणूक. समाजशास्त्राच्या वर्गात त्याच वेबरचा प्रश्न वेगळा असतो. लोक हुकूम मानतात ते का? नियमाने बांधलेली व्यवस्था माणसाचं काय करते? एका वर्गात यंत्रणा कशी चालते ते कळतं आणि दुसऱ्यात ती कोणाच्या अंगावरून जाते ते. दोन्ही एकाच डोक्यात असल्याने काय फरक पडतो, याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुण्यातच आहे, आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

कचरावेचक स्त्रियांचं उदाहरण. यातल्या बहुसंख्य दलित आहेत आणि 1972 च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आलेली कुटुंबं त्यांच्यात बरीच आहेत. कुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकायचं हे त्यांचं काम. 1993 मध्ये त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातले कार्यकर्ते तिच्या उभारणीत होते.

आता नुसता समाजशास्त्राचा विद्यार्थी यावर काय लिहील? जात, लिंग, स्थलांतर, असंघटित श्रम. सगळं खरं, आणि शेवटी ‘शोषण होते’ असा निष्कर्ष. नुसता लोकप्रशासनाचा विद्यार्थी टन, गाड्या, फेऱ्या आणि दर टनी खर्च मांडून निविदेचा मसुदा करील. त्या मसुद्यात ही बाई सापडणार नाही, कारण ती महापालिकेची कर्मचारी नाही आणि ठेकेदारही नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 63 प्रमाणे कचरा उचलणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ते काम काही प्रमाणात ही बाई करत होती, पण कुठल्याही नोंदवहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

1990 च्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ओळखपत्राने पगार मिळाला नाही. पण ही बाई चोर नाही, काम करते आहे, हे पोलिसांना दाखवायला कागद मिळाला आणि प्रशासनाच्या नजरेत एक गट तयार झाला. नंतर 2001 मध्ये एका अभ्यासाने त्यांच्या श्रमाचं मोल पालिकेच्या भाषेत मांडलं: या स्त्रिया किती माल कचऱ्यातून बाहेर काढतात आणि त्यामुळे पालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. अन्याय होतो हे आधीही सगळ्यांना माहीत होतं. अंदाजपत्रक वाचणाऱ्या माणसाला समजेल असा आकडा नव्हता. पुढे पालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा भार उचलला, आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार झाला.

असा करार वाचायला दोन्ही विषय लागतात. शुल्क कोण गोळा करणार आणि सुका कचरा कोणाचा, ही दोन कलमं आधी बघायची. वेचक बाईचं उत्पन्न घरांकडून मिळणारं शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे, दोन्ही मिळून बनतं. सुका कचरा वाटेत दुसऱ्याच्या गाडीत गेला, तर कागदावर तिचं काम शाबूत राहतं आणि घरी नेण्याचे पैसे घटतात. शुल्क द्यायला नकार देणाऱ्या घरावर कारवाई कोण करणार? हातगाडी, हातमोजे कोण देणार, कधी देणार? ही प्रशासनाची बाजू झाली. पण तिला सोसायटीत लिफ्ट वापरू देतील का, पाणी विचारतील का, हे कुठल्या कलमात लिहायचं? आणि करार मुदतीचा असतो. मुदत संपत आली की यंत्रं आणि मोठा ठेकेदार आणण्याची चर्चा सुरू होते आणि या स्त्रियांना आपली उपयुक्तता पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. इतक्या वर्षांच्या कामानंतरही. याचा मला राग येतो. हे उदाहरण यशोगाथा म्हणून शिकवतात तेव्हा हा भाग गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

लोकप्रशासन हा स्वतंत्र विषयच नाही, राज्यशास्त्रातून तोडलेला तुकडा आहे, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. त्या मताशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ लूथर गुलिकने 1937 मध्ये मांडलेली व्यवस्थापनाची सात कामं पाठ करून घेणारा वर्ग पाहिला की वाटतं, बरोबरच होतं ते. मग एखादा विद्यार्थी कलम, परिपत्रक आणि अंदाजपत्रकाचं शीर्ष एकमेकांना जोडून दाखवतो, तेव्हा मत डळमळतं. म्हणूनच, हा वेगळा विषय आहे का असा संशय तुम्हालाही असेल, तर तो सगळा चुकीचा आहे असं म्हणत नाही.

आता प्रवेशाचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176 क्रेडिट लागतात आणि त्यानंतर एम.ए. एका वर्षात होतं. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर एम.ए. दोन वर्षांचं. खरी अडचण क्रेडिटची नसून नावाची आहे. प्राध्यापकीसाठीची नेट ही पात्रता परीक्षा ज्या विषयात एम.ए. आहे त्याच विषयात द्यायची असते, आणि तिथे समाजशास्त्र आणि लोकप्रशासन हे वेगवेगळे विषय आहेत. गुणपत्रिकेवर एम.ए.चा विषय म्हणून नेमकं काय छापलं जाणार, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. तोंडी ‘दोन्ही चालतं’ यावर विसंबू नका. मेजर म्हणजे मुख्य विषय एक आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय दुसरा असा साचा असेल तर मायनरच्या जोरावर त्या विषयात प्राध्यापकी मिळत नाही. दोन्ही विषयांत एम.ए. हवंच असेल तर 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) दोन पदव्या एकाच वेळी करू देते. एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ घेतली की वेळापत्रकं भिडत नाहीत.

चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पात मुलं दोन ठिकाणी हमखास अडकतात. पहिलं, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात उभं राहून प्रश्नावली भरून घेतात. त्यात कार्यालयापर्यंत जे पोहोचलेच नाहीत ते सुटतात, आणि बहुतेकदा प्रश्न त्यांचाच असतो. नमुना वस्तीतून घ्या, गल्ली ठरवून, ठरावीक अंतराने घर घेत. दुसरं, माहिती अधिकाराच्या अर्जात ‘असं का केलं?’ असं विचारतात. कार्यालयाने नोंदीत आहे ती माहिती द्यायची असते, कारणं तयार करून द्यायची नसतात, त्यामुळे अर्ज निकाली निघतो. त्याऐवजी संबंधित फाइलवरच्या टिपणीच्या प्रती मागा. का केलं ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला पुढचे 30 दिवस. म्हणून अर्ज सातव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात टाकायचा.

नोकरीचं विचाराल, तर या जोडीच्या नावाने जाहिरात निघत नाही. सामाजिक कामाच्या पदांना बहुधा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मागतात. संस्थांमध्ये मूल्यमापनाची, संशोधन साहाय्यकाची, सरकारी योजनांच्या सल्लागार गटांतली कामं मिळतात, पण त्यातली बरीच मुदतीच्या करारावर. घरात पहिला पगार लगेच यायला हवा असेल, तर तिसऱ्या वर्षानंतरच्या बाहेर पडण्याच्या वाटेची अट प्रवेशाच्याच दिवशी वाचून घ्या. तिथे मिळणारी पदवी कुठल्या विषयाची, हेही त्याच लेखी अर्जात विचारा.