किती एमएल घेतलं यापेक्षा कसं घेतलं ते बघा

एनआयसीयूच्या दाराशी थांबलेले आई-बाप, आजी, मामा सगळे एकच विचारतात, सिस्टर आज बाळाने किती एमएल दूध घेतलं? आम्ही चार्ट बघून सांगतो, 15 घेतलं, 18 घेतलं, आणि तो आकडा लगेच व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या नातेवाईकांकडे जातो. मी पुण्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षं नर्सिंग करतेय आणि मला मनापासून वाटतं की या एका आकड्याने आयांना जेवढं रडवलंय तेवढं दुसऱ्या कशानेच रडवलेलं नाही. डिस्चार्ज झाल्यावरही रात्री-अपरात्री फोन येतात, ताई हा घेतच नाहीये, झोपूनच जातोय, काय करू. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या दूध पिण्याबद्दल इथे लिहितेय.

दूध पिणं आपल्याला फार सोपं वाटतं. पण बाळाला एकाच वेळी ओढायचंय, गिळायचंय आणि श्वास घ्यायचाय, आणि गिळताना श्वास क्षणभर थांबतोच. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण सेकंदाला एकदा या लयीत हे सगळं बिनबोभाट करतं. गर्भारपणाच्या 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं तसं नसतं. ओढायची हालचाल 28 आठवड्यांच्या आसपास दिसते, पण तोंडाने पिण्याइतका या तिन्हींचा मेळ 32 ते 34 आठवड्यांच्या पुढे जमायला लागतो, आणि पक्का व्हायला 36-37 उजाडतात. त्यात गालात चरबी नाही, जबड्यात ताकद नाही, आणि बाळ आधी व्हेंटिलेटरवर किंवा सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर, राहिलेलं असेल तर अजून वेळ लागतो. अशा बाळाला कोणी आळशी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते त्या वेळी त्याच्या अंगातली सगळी शक्ती लावून काम करत असतं.

मध्यंतरी जुन्नरकडची एक मुलगी होती आमच्याकडे, पहिलंच बाळंतपण, बाळ चौदाशे ग्रॅमचं, नुकतेच 33 आठवडे पूर्ण झालेले, दर दोन तासांनी 18 एमएल असं लिहून दिलेलं. पोटात दूध सोडायची नळी नाकात होतीच, पण तोंडाने द्यायला सुरुवात केली होती. बाळाने चार-पाच घोट छान घेतले आणि मग हाताची बोटं एकदम ताणून पसरली, भुवया वर गेल्या, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला आणि मॉनिटरवर ऑक्सिजन 95 चं 86 झालं. शेजारी उभी असलेली आजी म्हणाली, अगं तळव्याला टिचकी मार, झोपतोय तो. मी म्हटलं, आजी झोपत नाहीये, त्याला श्वास घ्यायचाय, जरा दम खाऊ द्या त्याला. बाळाला सरळ उचलून मानेखाली हात धरला, काही केलं नाही, फक्त थांबलो. थोड्या वेळाने आकडा वर आला, बोटं मिटली, जीभ बाहेर आली आणि हात तोंडाकडे गेला, मग परत सुरू केलं. तोंडाने 10 गेलं, उरलेलं 8 नळीतून दिलं. ती मुलगी रडायला लागली की आठ राहिलं. मी तिला म्हटलं, बाळा, आज तो आपणहून थांबला आणि आपणहून परत सुरू झाला, ते बघ ना.

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं. बाळ थांबतं तो वेळही पिण्याचाच भाग आहे. तेव्हा स्तनाग्र किंवा बाटलीचं बूच तोंडात हलवत राहणं, गाल दाबणं, हनुवटी वर-खाली करणं, पाय चोळून जागं करणं यातून चार एमएल जास्त जातात खरे, पण ते श्वासनलिकेकडे जायची भीती असते, आणि बाळाच्या डोक्यात पिणं म्हणजे गुदमरणं हे बसतं. मग ते बूच ओठाला लागलं तरी तोंड फिरवतं. अशी बाळं नंतर बघितली की जीव तुटतो, कारण तोंडाची ती भीती घालवायला फार वेळ जातो.

म्हणून आधी बाळ जागं आहे का, ओठ चाटतंय का, हात तोंडात घालतंय का ते बघायचं, नसेल तर ते फीड नळीने दिलं तरी काही बिघडत नाही. डोकं थोडं वर ठेवून कुशीवर घेतलं की दुधाचा वेग बाळाला झेपतो, पाठीवर सपाट झोपवून कधीच नाही. अंगावर पाजताना बाळाला आपल्या बगलेत घेऊन पाय मागे सोडायचे आणि मानेला हाताचा आधार द्यायचा, लहान बाळांना हे छान जमतं. दूध जोरात येत असेल तर आधी थोडं काढून घ्यायचं.

आता बोंडल्याबद्दल. आपल्याकडे घरात चांदीचं बोंडलं असतंच, आजीने जपून ठेवलेलं, आणि मी वाटी-चमचा आणि बोंडल्याच्या बाजूची आहे. बाटलीपेक्षा ते उकळून स्वच्छ ठेवणं सोपं, आणि नंतर अंगावर प्यायची सवय लागायला आडकाठी होत नाही. पण दूध बोंडल्यातून ओतायचं नाही!! टोक खालच्या ओठाला टेकवायचं, दूध ओठापर्यंत येऊ द्यायचं, बाळ जिभेने स्वतः घेतं, मग गिळलेलं दिसलं की पुढचं. पूर्वी मांडीवर आडवं घेऊन नाक दाबून घशात ओतायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे, ती कृपा करून बंद करा.

आणि नळीचे दिवस वाया जात नाहीत, उलट तयारी तेव्हाच होते. नळीतून दूध चाललं असताना बाळाला छातीशी धरा, आईच्या दुधाचा वास येऊ द्या. दूध आधी काढून घेतलेल्या स्तनाला नुसतं तोंड लावू द्या, त्याने ओढायचा सराव होतो आणि तोंडात एकदम दूध यायची भीती नाही. पहिला चीक काढून कापसाच्या बोळ्याने गालाच्या आतून लावतात तोही आग्रहाने मागा. गाल, ओठ, हिरड्या, जीभ हळूवार चोळण्याची एक पाच मिनिटांची पद्धत आहे, ती शिकलेल्या सिस्टर किंवा थेरपिस्टकडूनच शिकून घ्या, व्हिडिओ बघून करू नका.

कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, याबद्दल तर किती सांगू. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून हे सुरू झालं, आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दिवसातले 8 ते 24 तास, जितकं जास्त तितकं चांगलं, आणि जन्मल्यापासून लगेच. उघड्या छातीवर बाळ ठेवलं की श्वास स्थिर होतो, आईला दूधही जास्त येतं. आणि हे बाबांनाही जमतं, आजीलाही जमतं. त्या जुन्नरच्या आजी नंतर रोज दुपारी नऊवारीचा पदर बाजूला सारून नातवाला छातीशी घेऊन बसायच्या आणि मला खुणेने सांगायच्या की बोलू नको, झोपलाय.

आयांनो, तुमचं दूध टिकवणं हे पण यातलंच काम आहे. बाळ अंगावर पीत नसलं तरी 24 तासांत 8 ते 10 वेळा काढायचं, रात्रीसुद्धा, हाताने काढलं तरी चालतं. बाहेरच्या तापमानाला 4 तास टिकतं, एप्रिल-मेच्या पुण्यात त्याहून कमी धरा, आणि घरून आणताना बर्फाच्या डब्यातून आणा. आमच्याकडे एक बाबा भोसरीहून बसने रोज सकाळी डबा मांडीवर घेऊन यायचे, ऑफिसच्या आधी. आणि दूध कमी पडलं तर मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध, विचारा. आपल्या राज्यातच सायन हॉस्पिटलला 1989 मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू झाली, पुण्यात ससूनमध्येही आहे, आणि हे दूध तपासून, पाश्चराइज करूनच देतात, त्यामुळे नाक मुरडू नका.

घरी गेल्यावर एमएलचा चार्ट भिंतीला लावू नका. दिवसातून 6-8 वेळा शू होतेय का, ठरलेल्या तपासणीला वजन वाढतंय का, पिऊन झाल्यावर चेहरा शांत आहे का हे बघा. मध चाटवायचा नाही, गुटी उगाळायची नाही, कितीही वडीलधाऱ्यांनी सांगितलं तरी. आयर्न आणि व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी लिहिलेत तेवढे मात्र चुकवू नका. पिताना ओठ निळे पडले, श्वास थांबल्यासारखा वाटला, दरवेळी ठसका लागतोय, किंवा काल नीट पिणारं बाळ आज अचानक तोंडच लावत नाहीये, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, कारण पिणं बंद होणं हे इन्फेक्शनचं पहिलं लक्षण असू शकतं.

आणि उष्टावणाची तारीख काढताना जन्मतारखेवरून मोजू नका. बाळ दोन महिने आधी आलं असेल तर ते दोन महिने वजा करून वय धरायचं, ज्याला करेक्टेड एज म्हणतात, आणि मान धरतंय का, घासाकडे बघून तोंड उघडतंय का हे डॉक्टरांना दाखवून मगच खीर.