तुम्ही विचारलंत म्हणून: रिस्टोअर पॉइंटची गर्दी

"आमचं अँटिव्हायरस उठसूट रिस्टोअर पॉइंट करतंय. डिस्क भरून जाईल. बंद कसं करायचं?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न मला येतोच. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे कॉम्प्युटर बघतो. तिथे सीपीयू उघडला की आधी पंख्यावरची सुताची लव काढायची आणि मग बिघाड शोधायचा. पण हा बिघाड लव झाडून जाणारा नाही, म्हणून एकदा नीट सांगतो. रिस्टोअर पॉइंट म्हणजे विंडोजने त्या वेळच्या आपल्या अवस्थेची करून ठेवलेली नोंद; पुढे काही बिघडलं तर तिच्यावरून मागे जाता येतं.

आधी भीतीचं बोलू. डिस्क भरत नाही. रिस्टोअर पॉइंटसाठी किती जागा वापरायची याची मर्यादा सिस्टम प्रोटेक्शनच्या, म्हणजे रिस्टोअर पॉइंटच्या सेटिंगच्या, खिडकीत ठरलेली असते आणि विंडोज त्या रेघेच्या पुढे जात नाही. रेघ गाठली की सगळ्यात जुना पॉइंट मुकाट्याने पुसला जातो आणि त्याच्या जागी नवा बसतो. नुकसान होतं ते इथेच. हे मला कळलं ते माझे एक गिऱ्हाईक, टॉवेलवाले अण्णा, यांच्या कारखान्यात, आणि जरा लाज वाटावी अशा पद्धतीने कळलं.

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस होते. दुसऱ्या दिवशी अक्षता, आणि अण्णांचा फोन: "सर, लेबल निघंना झालंय. गड्ड्यात माल लावायचाय, दोन हजार नगांना बारकोड चिकटवायचाय." मी गेलो. लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) दहाएक दिवसांपूर्वी आपोआप बदलला होता, आणि तेव्हापासून कधी अर्धं लेबल निघायचं, कधी कोरं. म्हटलं सोपं आहे, पंधरा दिवस मागे जाऊ. स्टार्टमध्ये आर-एस-टी-आर-यू-आय ही अक्षरं टाकून रिस्टोअरची खिडकी उघडली, आणखी पॉइंट दाखवण्याच्या चौकटीत टिक केली. यादीत अकरा पॉइंट होते. सगळे गेल्या चार दिवसांतले, आणि वर्णनाच्या रकान्यात अकरांच्या अकरांपुढे अँटिव्हायरसचंच नाव. ड्रायव्हर बिघडण्याच्या आधीचा एकही नाही.

म्हणजे कारखान्यात परत जायला अकरा दरवाजे होते, पण सगळे त्याच बिघडलेल्या खोलीत उघडणारे.

अण्णांना हे समजावताना मी शॅडो कॉपी (रिस्टोअर पॉइंट ज्यावर बनतात ती विंडोजची सोय) वगैरे बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "कळलं की. नमुन्याच्या फळीवर रोज तोच निळ्या पट्ट्याचा टॉवेल ठेवत गेलं, अन् जुनी डिझाइनं मागून खाली पडली. तसंच ना?" अगदी तसंच. एवढ्या वर्षांत मला याहून बरं सांगता आलेलं नाही.

त्या रात्री जुना ड्रायव्हर माझ्या पेनड्राइव्हवर सापडला म्हणून निभावलं. नऊ वाजले. पण डोक्यात एक गोष्ट टोचत राहिली. अँटिव्हायरस अपडेटच्या आधी किंवा काही साफ करण्याच्या आधी पॉइंट मागतं, ते ठीक. पण दिवसाला तीन-तीन कसे काय? विंडोज 8 पासून विंडोजनेच त्याला लगाम घातलेला आहे. एखाद्या प्रोग्रॅमने पॉइंट मागितला आणि मागच्या 24 तासांत एखादा झालेला असेल, तर नवा केलाच जात नाही. प्रोग्रॅमने कितीही मागू दे.

हा लगाम रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, एका नोंदीने ढिला करता येतो. रजिस्ट्री उघडून पाहिलं. नोंद होती, किंमत शून्य. शून्य म्हणजे कधीच नाही म्हणू नकोस, मागेल त्याला दे.

आणि ते शून्य टाकलं होतं मी. दोन वर्षांपूर्वी. प्रत्येक भेटीत काम सुरू करण्याआधी पॉइंट करून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट (हुकमांची यादी) मी चालवायचो. पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, ती चालवली की विंडोज तोंडावर सांगायचं, गेल्या 1440 मिनिटांत (तेच 24 तास) एक झालाय, नवा होणार नाही. कंटाळून मी नोंद शून्यावर नेली आणि विसरून गेलो. माझ्या सोयीसाठी उघडलेल्या दारातून अँटिव्हायरस दिवसातून तीनदा आत येत होतं. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आजचं बिल कोण कुणाला द्यायचं?" बिल केलं नाही.

आता उपाय. पहिल्यांदा अँटिव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बघा. काहींमध्ये अपडेटच्या किंवा सफाईच्या आधी रिस्टोअर पॉइंट करण्याची टिक असते, ती काढली की विषय संपला. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरमध्येही ही सोय आहे. विंडोज 7 वर ती त्याच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्सडखाली दिसते. विंडोज 10 आणि 11 वर पडद्यावर बटण नाही, पॉवरशेलमधून किंवा प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या नियमांच्या खिडकीतून ठरवावी लागते.

टिक कुठेच नसेल, जशी अण्णांच्या अँटिव्हायरसमध्ये नव्हती, तर ती रजिस्ट्रीची नोंद. जागा अशी: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, सिस्टम रिस्टोअर. तिथे डीवर्ड (आकडा ठेवायच्या) प्रकारची नोंद, नाव सिस्टम रिस्टोअर पॉइंट क्रिएशन फ्रिक्वेन्सी. हे शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, एका ओळीत जोडून लिहायचे. किंमत मिनिटांत. नोंदच नसेल तर 1440 धरलं जातं. मी 10080 ठेवतो, म्हणजे सात दिवस, आणि लिहिताना डेसिमल, म्हणजे आपली नेहमीची दशमान पद्धत, निवडतो. तिथे हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीची पद्धत) राहिलं तर आकडा भलताच होतो. अँटिव्हायरस मागत राहतं, विंडोज आठवडाभर कानाडोळा करतं, आणि व्हायरस शोधायच्या कामाला काही धक्का लागत नाही.

यात एक खोट आहे, तीही सांगतो. हा लगाम फक्त अँटिव्हायरसला नाही, पॉइंट मागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागतो. म्हणून नवा प्रिंटर किंवा नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी सिस्टम प्रोटेक्शनच्या खिडकीत जाऊन क्रिएट बटण दाबून हातानेच एक पॉइंट करा. नाव नीट द्या, 'लेबल प्रिंटर चालू होता' असं काहीतरी. सहा आठवड्यांनी 'टेस्ट 2' बघून काही आठवत नाही. विंडोज 7 वर ही रजिस्ट्रीची नोंद चालत नाही, तिथे अँटिव्हायरसची टिक आणि जागेची मर्यादा एवढंच हातात आहे.

जागेची मर्यादाही जरा वाढवा. अण्णांची 120 जीबीची एसएसडी, आणि रिस्टोअरला फक्त तीन टक्के दिलेले. ती दहावर नेली.

काही लोक सिस्टम प्रोटेक्शनच बंद करून टाकतात आणि मग मला फोन करतात. कृपा करून तसं करू नका. बंद केल्याक्षणी त्या ड्राइव्हवरचे सगळे पॉइंट जातात, पुन्हा चालू केलं तरी येत नाहीत. व्हॉल्यूम शॅडो कॉपीची सर्व्हिस बंद करणारे तर आणखी पुढचे. बॅकअपची बरीच सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतात. जुन्यांची गर्दी काढायचीच असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये सगळ्यात ताजा ठेवून बाकीचे पुसायची सोय आहे. पण ताजा म्हणजे चांगला असं नाही, हे आमच्या अकरांनी दाखवलंच.

आणि हो, नवी पेठेतले एक व्यापारी मला म्हणाले होते, "रोज पॉइंट होतोय म्हणजे बिलांचा बॅकअप झालाच की." नाही हो. सिस्टम रिस्टोअर विंडोजच्या फायली, ड्रायव्हर, रजिस्ट्री आणि बसवलेले प्रोग्रॅम मागे नेतं. तुमची बिलं, फोटो, चिठ्ठ्या त्यात धरायच्या नाहीत. त्यांना वेगळा पेनड्राइव्ह, आणि तो कपाटात, कॉम्प्युटरला लावून ठेवलेला नव्हे. खंडणी मागणारे व्हायरस शिरले की हे रिस्टोअर पॉइंटही आधी पुसून टाकतात.

अण्णांच्या मशीनवर परवा पाहिलं. सहा पॉइंट होते. पाच आठवड्या-आठवड्याचे, अँटिव्हायरसच्या नावाचे, आणि एक अण्णांच्या पोराने स्वतः केलेला. त्याचं नाव त्याने तेलुगूत लिहिलंय, मला वाचता आलं नाही.