पॅक्सवर गेलेलं चुकीचं नाव

एक्स-रेची इमेज मशीनच्या कन्सोलवर असेपर्यंत तिच्यावरचं पेशंटचं नाव बदलणं दोन मिनिटांचं काम. तीच इमेज पॅक्सवर, म्हणजे सगळ्या इमेज साठवणाऱ्या हॉस्पिटलच्या सिस्टिमवर गेली की दुरुस्तीचा अर्ज, आणि आमच्याकडे तो अर्ज आपणहून पुढे सरकेल तर शपथ! गर्दीच्या ओपीडीत एकाच आडनावाचे दोघे आले, वर्कलिस्टमधलं (मशीनवरच्या पेशंटच्या यादीतलं) वरचं नाव उचललं गेलं आणि एकाच्या छातीचा एक्स-रे दुसऱ्याच्या नावावर गेला.

अर्जात दोन्ही पेशंटचे नंबर, चुकून वापरलेला अ‍ॅक्सेशन नंबर (प्रत्येक तपासणीच्या ऑर्डरला मिळणारा क्रमांक), नेमक्या कोणत्या इमेज, कारण, सह्या, सगळं होतं. तरी आयटी म्हणे, आधी रेडिओलॉजिस्टची मंजुरी आणा. रेडिओलॉजिस्ट म्हणत, आधी इमेज हलवा, मग रिपोर्ट. खरी अडचण कोणीच सांगेना. योग्य पेशंटच्या नावावर एक्स-रेची ऑर्डरच पडलेली नव्हती, त्यामुळे त्याला अ‍ॅक्सेशन नंबर नाही आणि इमेज हलवायला जागाच नाही. तेव्हा अर्जाआधी काउंटरवरून ऑर्डर टाकून घ्या. वैतागून कन्सोलवरून योग्य नावाने पुन्हा पाठवू नका. जुनी प्रत तिथेच राहते आणि एक छाती दोघांच्या नावावर दिसते. आणि हो, अर्ज लिहायच्याही आधी दोन्ही वॉर्डांना फोन. चुकीच्या छातीवर औषध सुरू व्हायला अर्जाची वाट पाहावी लागत नाही. रिपोर्ट आधीच दिला गेला असेल तर नुसती इमेज हलवून भागत नाही, सुधारित रिपोर्टही लागतो.

डाव्या-उजव्या बाजूचा घोळ याहून वाईट. शिशाचा आर (उजवा) किंवा एल (डावा) हा मार्कर एक्स्पोजरच्या आधी, लाइटच्या चौकटीत, पण हाडावर येणार नाही असा चिकटवायचा. नंतर टाइप केलेलं अक्षर म्हणजे पुरावा नव्हे. पीए छाती (किरण पाठीकडून सोडून काढलेली) उलटी दाखवली गेली आणि वर कोणी एल टाइप केलं, तर धडधाकट माणसाचं हृदय उजवीकडे दिसतं. शिशाचं अक्षर इमेजबरोबरच फिरतं, म्हणून उलटापालट लगेच पकडता येते. कण्याच्या लॅटरलला (बाजूने काढलेल्या इमेजला) डिटेक्टरजवळची, म्हणजे इमेज टिपणाऱ्या पाटीजवळची बाजू लिहितात.

मार्कर दिसत नाही म्हणून लगेच दुसरं एक्स्पोजर नको. आधी क्रॉप (कडेने झाकलेला भाग) उघडून बघा, बरेचदा तो काळ्या पट्टीखाली दडलेला असतो. पोर्टेबलवर (पेशंटच्या खाटेपाशी मशीन नेऊन काढलेल्या एक्स-रेवर) वेळ आणि उभा की आडवा हे लिहाच; आडव्या छातीत फुप्फुसाभोवतीचं पाणी मागे पसरतं, पातळी दिसत नाही.

चुकीची छापलेली जुनी फिल्म नातेवाइकांकडून परत मागून घ्या. तीच घेऊन ते बाहेरच्या डॉक्टरकडे जातात.