ख्रिसमसच्या आठवड्यातलं हिमवादळ: कोणत्या दिवशी काय सांगता येतं

अमेरिकेत ख्रिसमसच्या आठवड्यात कोट्यवधी लोक घराबाहेर असतात, कोणी गाडीनं निघालेलं, कोणी विमानतळावर अडकलेलं. अशात मोठं हिमवादळ येणार अशी कुणकुण लागली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती इंच? नेमकं तेच उत्तर सगळ्यात शेवटी हाती लागतं. आधी कळतं ते वादळ होईल का, मग त्याचा मार्ग, मग सुरुवात किती वाजता, मग पाऊस की बर्फ. इंच त्यानंतर. आणि सुट्टीतला प्रवासी तिकीट बदलायचं की नाही हे चार-पाच दिवस आधीच ठरवत असतो. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालणं हेच या आठवड्यातल्या अंदाजाचं खरं काम आहे.

सात दिवस आधी एका मॉडेलच्या (संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालीच्या) एका रनकडे, म्हणजे एका वेळच्या गणिताकडे, बघून काहीच ठरवू नये. अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवसांपर्यंतचे नकाशे देतं, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या रनमध्ये एखाद्या शहरावर तीस इंच बर्फ दिसतोच. असा नकाशा घरच्या ग्रुपवर फिरायला लागला तर तो तिथंच थांबवावा. या टप्प्यावर बघायचं ते एन्सेम्बल, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीत थोडाथोडा फरक करून चालवलेल्या अनेक रनचा संच. युरोपियन हवामान केंद्राच्या संचात 51 सदस्य असतात, जीएफएसच्या संचात 31. एक ठरावीक वेळ घ्यावी, प्रत्येक सदस्यातल्या कमी दाबाच्या केंद्राची जागा एकाच नकाशावर मांडावी आणि ठिपके कसे पडतात ते पाहावं. किनाऱ्याला लागून दाट घोळका असेल तर वादळाची शक्यता खरी मानावी. ठिपके जॉर्जियापासून खोल समुद्रापर्यंत विखुरलेले असतील तर ‘लक्ष ठेवा’ याहून जास्त बोलू नये. सगळ्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. अर्धे सदस्य किनाऱ्यावर आणि अर्धे समुद्रात दूर असतील, तर सरासरी मधल्या अशा जागेवर येते जिथं एकाही सदस्याचं वादळ नसतं.

इतकी अनिश्चितता का, तर त्या दिवशी वादळ अस्तित्वातच नसतं. असते ती वरच्या हवेतली एक लाट, प्रशांत महासागरावर कुठेतरी. जमिनीवरून रोज दोनदा, 00 आणि 12 यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार), फुगे सोडून हवेच्या सगळ्या थरांची मोजणी होते, पण समुद्रावर ती सोय नाही. तिथं भिस्त उपग्रहांवर आणि काही वेळा विमानांतून टाकलेल्या ड्रॉपसाँड यंत्रांवर. लाट पश्चिम किनारा ओलांडून फुग्यांच्या जाळ्यात आली की मॉडेलं पुष्कळदा एकमेकांच्या जवळ सरकतात. तोपर्यंत दर सहा तासांनी बदलणाऱ्या रनमागे धावण्यात अर्थ नाही.

2010 चा ख्रिसमस याचं चांगलं उदाहरण आहे. मॉडेलांनी आधी किनाऱ्यालगतचं मोठं वादळ दाखवलं, मग ते समुद्रात ढकललं आणि 24 डिसेंबरच्या रनमध्ये पुन्हा किनाऱ्याजवळ आणलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 26 आणि 27 तारखेला मिळून 20 इंच बर्फ पडला. म्हणजे अंदाज पक्का होण्याची वेळ आली ती नेमकी ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, लोकांनी बातम्या बंद करून पाहुण्यांकडे जायच्या वेळी. मॉडेलनं वादळ ‘सोडलं’ म्हणून लगेच ‘धोका टळला’ असं कधीही जाहीर करू नये. निदान पुढचे दोन रन, आणि दुसऱ्या केंद्राचं मॉडेल, तेच सांगताहेत का ते बघून मगच शब्द बदलावा.

वादळ मोठं होणार की नाही हे बहुतेक वेळा जेट स्ट्रीमच्या, म्हणजे उंचावरून वेगानं वाहणाऱ्या वाऱ्याच्या, दोन प्रवाहांवर ठरतं. उत्तरेच्या प्रवाहातली लाट कॅनडाची थंड हवा आणते, दक्षिणेच्या प्रवाहातली लाट मेक्सिकोच्या आखाताकडची ओल आणते. दोघी वेळेवर एकत्र आल्या तर किनाऱ्याजवळ दाब झपाट्यानं घसरतो. उत्तरेची लाट सहा तास उशिरा आली तरी दक्षिणेची लाट सरळ समुद्रात निघून जाते आणि शहरांना नुसते ढग मिळतात. ग्रीनलंडवर उच्च दाबाचा अडसर बसला असेल तर सगळं संथ होतं आणि जुळून यायला वेळ मिळतो, म्हणून पाच दिवस आधी तिकडंही बघायचं. ‘बॉम्ब सायक्लोन’ हा शब्द बातम्यांत सैलपणे वापरतात, पण त्याला नेमकं माप आहे: 60 अंश अक्षांशावर 24 तासांत हवेच्या दाबात 24 हेक्टोपास्कलची घट. दक्षिणेकडे ही अट सौम्य होत जाते, बोस्टनच्या अक्षांशावर 18-19 हेक्टोपास्कल पुरतात.

तीन दिवसांवर वादळ आलं की प्रश्न मार्गाचा. ईशान्य अमेरिकेत अंदाज देणारे 40 अंश उत्तर, 70 अंश पश्चिम हा नँटकेट बेटाच्या दक्षिणेचा बिंदू डोळ्यासमोर ठेवतात. केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर किनाऱ्यालगतच्या मोठ्या शहरांना भरपूर बर्फ मिळायची शक्यता असते. ते 80-100 किलोमीटर पश्चिमेला सरकलं की समुद्रावरची उबदार हवा आत घुसते, किनाऱ्यावर पाऊस पडतो आणि बर्फ आतल्या डोंगराळ भागात जातो. तेवढंच पूर्वेला सरकलं तर शहरांच्या वाट्याला कड तेवढी येते. वॉशिंग्टनपासून बोस्टनपर्यंत जाणारा आय-95 महामार्ग बऱ्याचदा याच पाऊस-बर्फाच्या सीमेवर असतो. डिसेंबरमध्ये आणखी एक अडचण असते. अटलांटिकचं पाणी अजून फेब्रुवारीइतकं गार झालेलं नसतं. तोच मार्ग, तोच दाब, पण पूर्वेचा वारा डिसेंबरात किनाऱ्यावर जास्त पाऊस पाडतो. जुन्या फेब्रुवारीतल्या वादळाशी तुलना करून आकडे देणारे इथं हमखास चुकतात.

पाऊस की बर्फ हे जमिनीवरच्या थर्मामीटरवरून ठरवता येत नाही. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची, 850 हेक्टोपास्कलची शून्य अंशाची रेषा हा सोपा ठोकताळा, पण तो फसवतो, कारण उबदार थर कधीकधी त्याच्याही वर असतो. म्हणून त्या ठिकाणाचा साउंडिंगचा, म्हणजे उंचीनुसार तापमान दाखवणारा, आलेख उघडून तापमानाची रेष जमिनीपासून वरपर्यंत बोटानं वाचत जावी. मधल्या उबदार थराचं कमाल तापमान एक अंशाच्या आत असेल तर बर्फ बर्फच राहतो. एक ते तीनच्या दरम्यान हिमकण अर्धवट वितळतो आणि खालच्या गार हवेत पुन्हा गोठून स्लीटचा कडक दाणा होतो. तीनच्या वर तो पूर्ण वितळतो. मग जमिनीलगत शून्याखाली हवा असेल तर तोच थेंब फांदीवर, विजेच्या तारेवर आणि रस्त्यावर पडता क्षणी गोठतो. उंचावरचा दोन अंशांचा फरक, आणि खाली एका गावात फावडं मारायचं काम, तर शेजारच्या गावात वीज गेलेली.

हवेच्या कोरडेपणाकडेही बघावं. दुपारी तापमान 3 अंश आणि दवबिंदू उणे 8 असेल तर पुष्कळजण ‘पाऊसच पडणार’ म्हणतात. पण सुरुवातीचे थेंब त्या कोरड्या हवेत बाष्प होतात, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतात आणि तापमान शून्याच्या किंचित खाली येऊन थांबतं. तासाभरात पावसाचा बर्फ होतो, नेमका संध्याकाळच्या गर्दीत.

आता इंच. मॉडेल मुळात पाणी मोजतं, बर्फाची जाडी नव्हे. नकाशे बनवणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर त्या पाण्याला सरसकट दहानं गुणतात, आणि काही ठिकाणी स्लीटलाही बर्फ धरतात. समजा मॉडेल 25 मिलिमीटर पाणी दाखवतंय. नकाशा म्हणेल 25 सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच. साउंडिंग पाहिलं तर कळतं की त्यातलं 8 मिलिमीटर स्लीट म्हणून येणार आणि उरलेला बर्फ ओला, साधारण एकास आठ गुणोत्तराचा (एक भाग पाण्याला आठ भाग बर्फ). मग 17 मिलिमीटरचे साडेतेरा सेंटिमीटर, आणि स्लीट एकास अडीचनं दोन सेंटिमीटर. झाले साडेपंधरा, म्हणजे सहा इंच. उलटंही घडतं. उणे 12 ते उणे 18 अंशांच्या थरात हिमकणांना फांद्या फुटून ते भराभर वाढतात. हवेचा सगळ्यात जोरदार चढ त्याच थरात असेल तर गुणोत्तर एकास पंधरा-वीसवर जातं आणि तेवढ्याच पाण्यात फूटभराहून जास्त पिसासारखा हलका बर्फ साचतो. वारा जोराचा असेल तर कण आपटून मोडतात, जाडी पुन्हा कमी. म्हणून एकच आकडा देण्यापेक्षा तीन द्यावेत: कमीत कमी एवढा, बहुधा एवढा, वाईटात वाईट एवढा. जानेवारी 2015 मध्ये न्यूयॉर्कला दोन फुटांच्या आसपासचा अंदाज होता, सेंट्रल पार्कमध्ये 9.8 इंच पडला, आणि लाँग आयलंडच्या पूर्व भागात दोन फुटांहून जास्त. वादळ चुकलं नव्हतं, त्याची पश्चिमेची कड थोडी सरकली होती. लोकांना मात्र ‘थोडक्यात हुकलं तर काय’ हे आधी पुरेसं सांगितलेलं नव्हतं.

सगळीच सुट्टीतली वादळं किनाऱ्यावरची नसतात. डिसेंबर 2022 मध्ये आर्क्टिक हवेची भिंत मैदानांवरून दक्षिणेला सुटली. 21 तारखेला डेन्व्हरच्या विमानतळावर एका तासात तापमान 42 वरून 5 अंश फॅरनहाइटवर आलं, म्हणजे साडेपाच सेल्सिअसवरून उणे पंधरा. अशा वेळी बर्फाच्या जाडीला फारसा अर्थ नसतो, कारण धोका रस्ता गोठण्याचा असतो. आधी पाऊस पडतो, तो रस्त्यावर फवारलेलं मिठाचं पाणी धुऊन नेतो, आणि मग तासाभरात ओला रस्ता काच होतो. साधं मीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसं चालतही नाही. इथं अंदाजात एकच गोष्ट ठळक हवी: तुमच्या गावात थंड हवेची कड किती वाजता पोचेल. ती वेळ काही तासांच्या अचूकतेनं सांगता येते, एक-दोन दिवस आधीच.

त्याच वादळानं न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जे केलं त्यात सरोवराचा हात होता. ईरी सरोवर गोठलेलं नव्हतं. पाण्याचं तापमान आणि दीड किलोमीटर उंचीवरचं तापमान यांत 13 अंशांहून जास्त फरक पडला की सरोवरावरून बर्फाचे पट्टे उठतात. नैऋत्येचा वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेनं वाहत असेल तर तो पट्टा थेट शहरावर येऊन बसतो. बफेलोत हिमवादळाची स्थिती 37 तास टिकली, विमानतळावर 51.9 इंच बर्फ मोजला गेला, आणि त्या काउंटीत (जिल्ह्यात) चाळीसहून जास्त माणसं दगावली. राष्ट्रीय हवामान सेवेनं ‘पिढीतून एकदा येणारं’ अशा शब्दांत आधीच इशारा दिला होता. पण काउंटीची वाहनबंदी लागू झाली 23 तारखेच्या सकाळी साडेनऊला, तोवर कितीतरी लोक कामावर पोचले होते. अंदाज बरोबर असून पुरत नाही. ‘23 ला वादळ’ आणि ‘23 ला सकाळी नऊनंतर घरी परतता येणार नाही’ ही दोन फार वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसरं वाक्य आदल्या संध्याकाळी लोकांपर्यंत पोचायला हवं.

म्हणून संदेशाचा क्रम असा ठेवावा. पाच दिवस आधी: ‘अमुक ते अमुक दिवसांत प्रवास अडू शकतो, तिकीट बदलण्याची सोय असेल तर नियम बघून ठेवा.’ दोन-तीन दिवस आधी हवामान सेवेचा विंटर स्टॉर्म वॉच हा पहिला इशारा निघतो, याचा अर्थ शक्यता निम्म्याहून जास्त. तेव्हा निघण्याची सुरक्षित वेळ सांगावी. त्यानंतरची वॉर्निंग म्हणजे सुमारे 80 टक्के खात्री, तिथं इंच आणि तासाला पडणारा वेग दोन्ही द्यावेत. ‘ब्लिझर्ड’ हा शब्द मात्र जाडीशी बांधलेला नाही: ताशी 35 मैलांचा सलग वारा किंवा वारंवार येणारे तेवढे झोत, पाव मैलाखाली दृश्यमानता, आणि हे तीन तास. आधीच पडलेला बर्फ उडूनही ब्लिझर्ड होतो.

शेवटच्या बारा तासांत मोठ्या मॉडेलांपेक्षा दर तासाला चालणारं 3 किलोमीटर जाळीचं एचआरआरआर हे मॉडेल आणि रडार यांना जास्त महत्त्व द्यावं. तासाला दोन इंच ओतणारा पट्टा 20-30 किलोमीटर रुंद असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हवा खाली बसत असल्यानं बर्फ जवळजवळ थांबतो. हा पट्टा कुठल्या गावावर बसेल हे आदल्या दिवशी सांगण्याचा आव आणू नये. ड्युअल-पोल रडारवर (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या) कोरिलेशन कोएफिशंट, म्हणजे कण किती एकसारखे आहेत त्याचं माप, घसरलेली कड दिसली की तिथं बर्फ वितळतोय. ती कड दर तासाला किती सरकते ते मोजलं तर आपल्या गावात बर्फाऐवजी पाऊस कधी सुरू होणार ते कळतं.

बर्फ थांबल्यावर मोजणी. गवतावर पट्टी रोवू नये, ती दोन-तीन सेंटिमीटर खोटं सांगते. पांढरा रंग दिलेली सपाट फळी इमारती आणि झाडांपासून दूर ठेवावी, सहा तासांनी एकदा मोजून पुसावी, आणि चार वाचनं मिळवून दिवसाचा आकडा लिहावा. दर तासाला पुसलं तर बर्फाला स्वतःच्या वजनानं बसायला वेळ मिळत नाही आणि बेरीज फुगते. जोराच्या वाऱ्यात फळी उघडी पडली असेल तर आसपास पाच-सहा ठिकाणी, ढिगाऱ्यात आणि मोकळ्या जागीही, पट्टी घालून सरासरी काढावी आणि शेजारी ‘वाऱ्यामुळे अंदाजे’ अशी नोंद करावी. नंतर अंदाजाशी ताळा करताना ही नोंद नसेल तर चूक मॉडेलची होती की पट्टीची, हे कोणालाच सांगता येत नाही.