टपाचा रंग

लाल गाडी निळी करून द्या, असं कुणी म्हटलं की मला फारशी चिंता नसते. फोटोशॉपमध्ये ह्यू-सॅच्युरेशनची पट्टी सरकवली की लालाचा निळा होतो. वेळ जातो तो मागचे लाल दिवे, काचेतून दिसणाऱ्या सीटा आणि दाराखाली रस्त्यावर उतरलेली लालसर झाक यांच्यामागे. पांढऱ्या गाडीचं तसं नाही. पांढऱ्याला स्वतःचा रंगच नसतो, त्यामुळे पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली तरी गाडी पांढरीच्या पांढरी. तिथे रंग बाहेरून आणून घालावा लागतो आणि तो घालताना पत्र्यावरचा उजेड मारून चालत नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका स्टुडिओत मी फोटो दुरुस्तीचं काम करते. गाड्यांची कामं येत असतात, बहुतेक जाहिरातींची. त्या पद्मिनीचं काम मात्र वेगळं होतं.

एरंडवण्यातले भाऊ-बहीण आले होते. ताई भावाला दादा म्हणत होत्या, तेव्हा मीही तेच धरलं. वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून घरात आहे. आता पांढरी आहे. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ती मूळ रंगात उभी करायची, म्हणून नाना पेठेत डेंटिंग-पेंटिंगला दिलेली. अडलं होतं ते मूळ रंगावर. दादा म्हणत होते फिकट निळा, ताई म्हणत होत्या पिस्ता. दोघंही ठाम. आरसीचं जुनं पुस्तक कधीच हरवलं आणि नंतरच्या स्मार्ट कार्डावर नुसतं ‘पांढरा’ आहे. ‘दोन्ही रंगांत करून द्या,’ दादा म्हणाले, ‘आईपुढे ठेवतो. ती म्हणेल तो खरा.’

सोबत दोन फोटो होते. एक कृष्णधवल, बंगल्याच्या फाटकात झाडाखाली उभी गाडी. दुसरा महाबळेश्वरचा, रंगीत, पण सगळा तांबूस झालेला. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये बहुतेक वेळा निळसर सायन रंगद्रव्य आधी विरतं आणि मग माणसं, डोंगर, गाडी सगळ्यांवर एकच गुलाबी छटा चढते. वडिलांचा सदरा पांढरा आणि टायर काळे धरून लाल, हिरव्या, निळ्या अशा एकेका चॅनलची कर्व्ह, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा कमीजास्त करणारी रेघ, ओढली, तर फोटो बराच माणसात आला. गाडी राखाडी-निळसर दिसू लागली. पण निळ्यासारखं दिसणं वेगळं आणि निळा असणं वेगळं. विरलेलं रंगद्रव्य काही परत येत नाही. एवढ्यावर कुणाच्या वडिलांच्या गाडीचा रंग ठरवायला माझं मन घेईना. मी म्हणाले, आधी गाडी बघू.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात ते गॅरेज आहे. पेंटर चाचा साठीचे असतील. गाडी निळ्या ताडपत्रीखाली होती आणि त्या ताडपत्रीखाली माझे हातसुद्धा निळे दिसत होते. मी गाडी बाहेर ढकलून घ्यायला सांगितली. चाचांनी कारण विचारलं नाही. ‘आम्हीपण रंग उन्हातच मिळवतो,’ म्हणाले आणि दोन पोरांना हाक मारली. बाहेर ग्रे कार्ड, म्हणजे उजेडाचा रंग ताडून बघायचा ठरावीक राखाडी पुठ्ठा, ठेवून मी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, म्हणजे स्टुडिओत बसल्यावर निदान उजेडाबद्दल वाद नको.

दाराच्या कडेला चाचांनी पॉलिश पेपरने एक गोल घासून ठेवला होता. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर उघडे पडले होते: वर पांढरा, खाली पुट्टी, मग मरून, मग पुन्हा प्रायमर. त्याच्याखाली मूळ रंगाच्या जागी नुसता पत्रा चमकत होता. मरून देताना कुणीतरी पार पत्र्यापर्यंत तासून काढलं होतं.

मग चाचांनी डिकी उघडली. स्टेपनी बाहेर काढली, रबरी मॅट उचलली. ‘इथे कुणी ब्रश लावलेला नाही,’ म्हणाले. आतला पत्रा पिस्ता होता. स्पष्ट पिस्ता. ताईंचं म्हणणं खरं, असं मी मनात म्हणते आहे तोवर चाचांनी चिंधीवर रबिंग कंपाउंड घेतलं आणि तळहाताएवढी जागा घासायला लागले. चिंधी पिवळट होत गेली. दहा मिनिटांनी पाणी मारून पुसलं, तर त्या पिस्त्याच्या मध्यभागी फिकट निळ्याचा एक तुकडा होता.

तेलाचा अंश असलेला इनॅमल रंग वर्षानुवर्षं अंधारात राहिला की पिवळा पडतो. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवट दिसणारच. गाडी मरून झाली तेव्हा ताई अगदी लहान होत्या. बाहेरचा निळा त्यांना आठवायचं कारणच नाही. पण पुढे प्रत्येक सहलीला सामान ठेवताना त्यांनी ही डिकी पाहिली होती आणि ती खरोखरच पिस्ता होती. फोनवर हे सांगितलं तेव्हा ताई गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी मनचं काही बोलत नव्हते.’ मला फार बरं वाटलं. या कामात लोक आठवणीला फार लवकर खोटं ठरवतात.

दुपारी स्टुडिओत बसले. पेन टूलने पत्रा वेगळा काढला. पद्मिनीच्या पाठीमागच्या त्या टोकदार कडा आणि दारांवरच्या पट्ट्या, हे काम आपोआप निवड करणाऱ्या टूलवर सोडवत नाही. घासलेल्या तुकड्याचा रंग घेऊन त्याचा लेयर मल्टिप्लायवर टाकला, म्हणजे रंग चढतो पण खालच्या सावल्या दिसत राहतात. खालचा पांढरा पत्रा आधी कर्व्ह्जने थोडा उतरवून घेतला, नाहीतर रंग खडूने फासल्यासारखा दिसतो. बॉनेटवरची आकाशाची चमक पांढरीच ठेवली, कारण ती रंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येते, तिला खालचा रंग लागत नाही. नवशिक्यांच्या कामात ही चमकसुद्धा रंगते आणि मग गाडी प्लॅस्टिकची वाटते. शेवटी क्रोमच्या बंपरमध्ये आणि चाकांपुढच्या फरशीवर निळ्याची अगदी पुसट झाक दिली. ती कुणाच्या नजरेत भरत नाही, पण नसली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी दोघं आईला घेऊनच आले. जिना चढून आल्यावर आजी खुर्चीत टेकल्या, पदराने चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे पाहत राहिल्या. ‘रंग हाच,’ म्हणाल्या. मग बोट वर नेलं. ‘पण अगं, टप असा नव्हता. टप क्रीम होता. पहिल्याच उन्हाळ्यात आत बसवेना, तेव्हा ह्यांनी करून घेतला.’

दादा हसले. ‘आई, ते जुन्या फोटोत आकाशामुळे पांढरं दिसतं गं.’

टपाबद्दल मला सकाळपासूनच शंका होती. मी कृष्णधवल फोटोचा स्कॅन उघडून मोठा केला. टप वर तोंड करून असतो, त्याच्यावर आकाशाचा उजेड जास्त पडतो आणि म्हणून तो दारांपेक्षा फिका दिसतो, इथवर दादांचं बरोबर. पण बॉनेटही वरच तोंड करून आहे. फोटोत दोन्ही एकाच झाडाच्या सावलीत आहेत आणि बॉनेटचा राखाडी जवळजवळ दाराइतकाच गडद, तर टपाचा त्याहून कितीतरी फिका. शिवाय आकाशाचा उजेड हळूहळू विरत जातो. इथे फिकेपणा पावसाच्या पाण्याच्या पन्हळीपाशी सुरीने कापल्यासारखा थांबत होता. मी दादांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि माउस हातात दिला. दोन्ही ठिकाणचे उजळपणाचे आकडे त्यांनी स्वतः वाचले.

तिथूनच चाचांना फोन लावला. थोड्या वेळाने व्हॉट्सअॅपवर फोटो आला: पन्हळीखालचा अंगठ्याएवढा भाग, पांढरा, मरून, क्रीम आणि सगळ्यात खाली निळा. टपावर कुणी पत्र्यापर्यंत तासलं नव्हतं. आजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. ‘बघ,’ एवढंच दादांना म्हणाल्या आणि ताईंकडे वळून चहाचं विचारलं.

टप क्रीम करून प्रिंट काढला, तो आजींनी घरी नेला. चाचांना मात्र मी बजावलं आहे की या प्रिंटवरून रंग मिळवायचा नाही. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा आणि पत्र्यावरचा रंगद्रव्याचा. तिघांची पोच वेगळी. त्यांना ते सांगायची गरज नव्हती. त्यांनी पत्र्याच्या पट्टीवर निळा लावून, वाळू देऊन, डिकीतल्या तुकड्याशेजारी उन्हात धरायला सुरुवातही केली आहे. आरटीओत रंगाची नोंद बदलून घ्यायचं दादा बघणार आहेत.

राहिला आहे तो क्रीम. मरूनखाली इतकी वर्षं अंधारात काढल्यावर तोही पिवळा पडला असणार, मग मूळचा किती आणि वयाचा किती? असा पिवळेपणा उजेडात काही अंशी परत उतरतो, म्हणून चाचांनी टपावरचा तो भाग तसाच उघडा ठेवून गाडी बोळात उन्हाला लावली आहे. रोज दुपारी ते मला त्याचा एक फोटो पाठवतात, शेजारी ग्रे कार्ड ठेवून.